दोन डॉलरची वाळकी पाने

२०१७ सालच्या सुरुवातीला पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयातून ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एक पार्सल रवाना झाले. क्वीन्सलँड हर्बेरियममधील अभ्यासकांनी ते काही काळापुरते उसने मागविले होते. आत होते वाळवून कागदावर बसविलेल्या वनस्पतींचे १०५ नमुने, आणि त्यांतील काही थेट एकोणिसाव्या शतकात गोळा केलेले होते. विमानतळावरील जैवसुरक्षा अधिकाऱ्यांना सोबतची कागदपत्रे अपुरी वाटली. खुलाशाचा पत्रव्यवहार सुरू झाला, पण त्यातली एक ई-मेल भलत्याच पत्त्यावर गेली. मुदत संपली आणि नियमानुसार पार्सल भट्टीत टाकण्यात आले. पार्सलवर मालाची किंमत नोंदविली होती फक्त २ डॉलर. वाळक्या पानांना बाजारभाव नसतो, म्हणून नावापुरता एक आकडा लिहायचा, एवढाच त्याचा अर्थ होता. जाळणाऱ्याने मात्र तो आकडा खरा मानला असावा.

पुढे चूक कबूल झाली, चौकशी झाली, नियमावली सुधारण्याची आश्वासने दिली गेली. त्याच सुमारास न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला पाठविलेले दगडफुलांचे नमुनेही अशाच प्रकारे नष्ट झाल्याचे उघडकीस आले. परिणामी न्यूझीलंडमधील संस्थांनी ऑस्ट्रेलियाला नमुने उसने देणे काही काळ थांबविले. वृत्तपत्रांतून ही बातमी तेव्हा ‘सरकारी बेपर्वाईचा आणखी एक नमुना’ या थाटात येऊन गेली. परंतु काही शुष्क पाने जळाल्यामुळे जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एवढा आक्रोश का केला, हे समजून घ्यायचे तर त्या पानांचे काम काय असते हे पाहावे लागेल. विशेषतः ऑस्ट्रेलियाची पाने पॅरिसमध्ये का होती, हे पाहावे लागेल.

जळालेल्या नमुन्यांत काही ‘टाइप’ नमुने होते. वनस्पतीची नवी जाती जाहीर करताना शास्त्रज्ञाला तिचे नाव आणि वर्णन तर द्यावे लागतेच. पण त्याबरोबर एक विशिष्ट वाळवलेला नमुना ‘हा त्या नावाचा धारक’ म्हणून मुक्रर करावा लागतो. तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही सांगावे लागते. पुढे शंभर वर्षांनी कोणाला वाटले, की या एका नावाखाली खरे तर दोन वेगवेगळ्या जाती दडल्या आहेत, तर जुने नाव कोणाकडे राहावे याचा निवाडा त्या नमुन्यावरून होतो. टाइप म्हणजे त्या जातीचा आदर्श किंवा सर्वांत देखणा नमुना, असा एक गैरसमज आहे. तसे नसते. शेताच्या हद्दीचा दगड जसा शेताच्या मधोमध नसतो, शेत कसे आहे हेही सांगत नाही, पण भाऊबंदांत वाद झाला की सगळे त्याच्यापाशी जाऊन उभे राहतात, तसे टाइप नमुन्याचे आहे. तो जळाला म्हणजे हद्दीचा दगड उपटला गेला.

बाकीच्या साध्या नमुन्यांचे मोलही कमी नसते. हर्बेरियममधल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. नमुना कोणी, कोठे, कोणत्या तारखेला तोडला, जमीन कशी होती, झाड किती उंच होते, फुलाचा रंग कोणता होता, असा मजकूर तिच्यावर असतो. रंग मुद्दाम लिहावा लागतो, कारण वाळल्यावर तो उडतो. ज्या गावी आज गहू पिकतो किंवा खाणीचा खड्डा आहे, त्या ठिकाणी अमुक साली अमुक वनस्पती फुलली होती, याचा तेवढाच पुरावा जगात शिल्लक असतो. मुंबईकरांना हे पाहायचे असेल तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियममध्ये अशाच चिठ्ठ्या कपाटांतून जपलेल्या आहेत.

आता पॅरिसचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात आज सुमारे २० हजार स्थानिक संवहनी वनस्पती, म्हणजे नेचे, सूचिपर्णी आणि फुलझाडे, नोंदलेल्या आहेत. त्यांतील दहापैकी आठांहून अधिक जाती जगात अन्यत्र कोठेही निसर्गतः उगवत नाहीत. कोट्यवधी वर्षे वेगळ्या पडलेल्या या भूखंडाची वनसृष्टी युरोपीय डोळ्यांना इतकी अपरिचित होती, की पहिल्या पाहुण्यांनी शब्दशः हाती येईल ते गोळा केले. १६९९ साली विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी, ज्याची आधीची कारकीर्द चाचेगिरीत गेली होती, पश्चिम किनाऱ्यावरील शार्क बे परिसरात उतरला आणि त्याने काही झाडोरा कागदांत दाबून नेला. परतीच्या वाटेवर जहाज फुटले, तरी ते कागद वाचले. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते आजही आहेत.

खरा लोंढा सुरू झाला तो १७७० मध्ये. जेम्स कुकच्या ‘एंडेव्हर’ जहाजावर जोसेफ बँक्स हा सधन तरुण आणि लिनियसचा शिष्य डॅनियल सोलँडर असे दोघे होते. पूर्व किनाऱ्यावरील एका उपसागरात त्यांना इतक्या वनस्पती सापडल्या, की त्याला आधी ठेवलेले नाव बदलून ‘बॉटनी बे’ असे नाव पडले. नमुन्यांचा ढीग एवढा झाला, की ते कुजू नयेत म्हणून बँक्सने टीपकागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे किनाऱ्यावर नेले आणि जहाजाचे शीड वाळूवर अंथरून त्यावर उन्हात पसरले. सिडनी पार्किन्सन हा तरुण चित्रकार ताज्या फुलांची रेखाटने करी, रंगांच्या खुणा टिपून ठेवी. परतीच्या प्रवासात, बटाव्हिया सोडल्यावर, आजारपणात त्याचा मृत्यू झाला. बँक्सने पुढे या चित्रांवरून ७४३ तांब्याचे ठसे कोरून घेतले; पण ग्रंथ त्याच्या हयातीत निघालाच नाही. ते ठसे रंगीत छापून प्रसिद्ध होण्यास १९८० चे दशक उजाडले. दोनशे वर्षांहून अधिक काळ चित्रे पेटीत पडून राहिली! ‘बँक्सिया’ ही प्रजाती मात्र १७८२ मध्येच त्याच्या नावे जाहीर झाली होती.

याच सफरीतील एक गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत सहसा ठळकपणे येत नाही. प्रवाळाच्या खडकावर आपटून जहाज फुटल्यामुळे कुकच्या मंडळींना उत्तरेकडील एका नदीकाठी सुमारे सात आठवडे थांबावे लागले. तेथे त्यांना स्थानिक गुगू यिमिथिर लोकांच्या वस्तीजवळ सायकस झाडाच्या बियांची टरफले पडलेली दिसली. लोक खातात म्हणजे खाण्याजोगे असणार, असे समजून काही खलाशांनी त्या बिया खाल्ल्या आणि ओकाऱ्या-जुलाबांनी बेजार झाले. जहाजावरची डुकरे तर त्या बियांनी मेली. या बियांतले विष पाण्यात दीर्घकाळ भिजवून, धुऊन काढावे लागते, ही विद्या त्या वस्तीतल्या बायाबापड्यांना ठाऊक होती. नमुन्यावरच्या चिठ्ठीत तिला जागा नव्हती. ऑस्ट्रेलियातील वनस्पतींच्या नोंदीचा इतिहास लिहिताना ‘शोध’ हा शब्द वापरताना म्हणूनच जरा अडखळायला होते. हजारो वर्षे ज्यांना ही झाडे नावानिशी माहीत होती, त्यांची माहिती नोंदविण्याचे काम संस्थांनी फार उशिरा, अलीकडच्या दशकांत गांभीर्याने हाती घेतले.

इंग्रजांपाठोपाठ फ्रेंच आले. बेपत्ता झालेल्या ला पेरूझच्या शोधासाठी १७९१ मध्ये निघालेल्या मोहिमेवर लाबियार्दिएर हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने टास्मानिया आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात मोठा संग्रह केला. तोवर फ्रान्समध्ये क्रांती होऊन राजाचा शिरच्छेद झालेला, मोहिमेतील अधिकाऱ्यांत राजनिष्ठ आणि प्रजासत्ताकवादी अशी फूट पडलेली, आणि ब्रिटन-फ्रान्स यांचे युद्ध पेटलेले. या धुमश्चक्रीत लाबियार्दिएरचा संग्रह ब्रिटिशांच्या हाती पडला आणि लंडनला बँक्ससमोर आला. शत्रुराष्ट्राचा हा खजिना ठेवून घेण्याची पूर्ण संधी असताना बँक्सने आपले वजन खर्च करून १७९६ मध्ये तो लाबियार्दिएरला परत मिळवून दिला. भर युद्धात नमुने सुखरूप पॅरिसला पोहोचतात, आणि सव्वादोनशे वर्षांनी दोन मित्रराष्ट्रांमधल्या टपालात दुसरे नमुने जळून जातात. काळाचा हा विनोद थोडा कडवटच म्हणायचा.

आपल्याकडे घरोघरी ओळखीचे असलेले निलगिरीचे झाडही अशाच देवघेवीतून नाव पावले. कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ मध्ये, टास्मानियाजवळच्या एका बेटावर तोडलेली फांदी लंडनच्या संग्रहात होती. लेरित्ये नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने ती पाहिली आणि १७८८ मध्ये ‘युकॅलिप्टस’ हे नाव जाहीर केले. कळीवर घट्ट बसणारे टोपण असते, त्यावरून ‘नीट झाकलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून हे नाव बनविले गेले. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या या सर्वांत प्रसिद्ध झाडाचे बारसे एका फ्रेंच माणसाने, लंडनमध्ये, ते झाड जमिनीत उभे असलेले कधीही न पाहता केले.

असे दुरून काम करण्याचा कळस एकोणिसाव्या शतकात झाला. त्याआधी रॉबर्ट ब्राउनचा उल्लेख करायला हवा. परागकणांतील सूक्ष्म कणांच्या हालचालीमुळे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्याचे नाव ठाऊक असते, तोच हा ब्राउन. मॅथ्यू फ्लिंडर्सच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून १८०१ मध्ये तो निघाला आणि फर्डिनांड बाउअर या चित्रकारासह त्याने ऑस्ट्रेलियाचा किनारा पालथा घातला. बाउअरची पद्धत अजब होती. प्रत्यक्ष जागेवर तो केवळ पेन्सिलीने रेखाटन करी आणि पानाफुलाच्या प्रत्येक भागावर बारीक आकडे लिही. प्रत्येक आकडा म्हणजे रंगाची एक छटा. या छटा हजाराच्या आसपास होत्या. लंडनला परतल्यावर वर्षांनंतर, मूळ फूल समोर नसताना, त्या आकड्यांवरून त्याने जी चित्रे रंगविली ती पाहून आजही अभ्यासक थक्क होतात. ब्राउनने १८१० मध्ये सुमारे २ हजार जातींचे वर्णन करणारा ग्रंथ स्वखर्चाने काढला. २५० प्रती छापल्या. खपल्या जेमतेम दोन डझन. निराश होऊन त्याने उरलेल्या प्रती विक्रीतून काढून घेतल्या. ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतिशास्त्राचा पाया मानला जाणारा ग्रंथ तो हाच.

त्यानंतर येते फर्डिनांड म्यूलर आणि जॉर्ज बेंथम यांची कहाणी. म्यूलर हा मूळचा जर्मनीतील रोस्टॉकचा. प्रकृतीसाठी कोरडी हवा हवी म्हणून १८४७ मध्ये ॲडलेडला आला आणि १८५३ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. घोड्यावरून आणि पायी त्याने हजारो मैल प्रवास केला, मेलबर्नला हर्बेरियम उभे केले, आणि ऑस्ट्रेलियाची समग्र वनस्पतिसूची आपण लिहावी ही त्याची आयुष्याची आकांक्षा होती. लंडनजवळच्या क्यू उद्यानातील धुरिणांनी मात्र हे काम बेंथमकडे सोपविले. बेंथम तेव्हा साठी ओलांडलेला, अत्यंत शिस्तबद्ध, आणि ऑस्ट्रेलियात एकदाही पाऊल न ठेवलेला. यामागचा युक्तिवाद मात्र बिनतोड होता. बँक्स, ब्राउन आदींचे मूळ नमुने, म्हणजेच हद्दीचे दगड, सगळे युरोपात आहेत. ते पाहिल्याशिवाय जुने कोणते आणि नवे कोणते हे मेलबर्नला बसून ठरविणार कसे?

म्यूलरने हा घोट गिळला, आणि त्याहूनही मोठे काम केले. आपल्या संग्रहातले नमुने तो गटागटाने पेट्यांत भरून जहाजाने लंडनला पाठवीत राहिला. बेंथम ते अभ्यासून परत पाठवी, मग पुढची पेटी निघे. १८६३ ते १८७८ अशी पंधरा वर्षे हा क्रम चालला. सात खंड झाले, ८ हजारांहून अधिक जातींची वर्णने पूर्ण झाली. एवढ्या मोठ्या भूखंडाची पुरी झालेली अशी वनस्पतिसूची तोवर जगात नव्हती. मुखपृष्ठावर लेखक म्हणून बेंथमचे नाव होते. म्यूलरचे नाव ‘साहाय्यक’ म्हणून. (मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची लिहिणारे थिओडोर कुक हे निदान पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वर्षानुवर्षे प्राचार्य होते, ग्रंथ मात्र त्यांनीही निवृत्तीनंतर क्यूला बसूनच लिहिला.) मेलबर्नच्या नागरिकांनीही म्यूलरला फारसे सुख दिले नाही. उद्यानात त्यांना कारंजी आणि हिरवळ हवी होती; म्यूलरला तेथे शास्त्रीय रांगा हव्या होत्या. १८७३ मध्ये उद्यानाचे संचालकपद त्याच्याकडून काढून घेण्यात आले. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून मात्र तो १८९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत काम करीत राहिला.

म्यूलर सर्वत्र जाऊ शकत नव्हता. म्हणून त्याने पत्रे लिहून देशभर हौशी संग्राहकांचे जाळे विणले. दूरच्या मेंढपाळ-वस्त्यांवरील लोक, शिक्षक, तारखात्याचे नोकर, आणि दोनशेहून अधिक स्त्रिया व मुली त्याला नमुने पाठवीत. नव्या जातीला संग्राहकाचे नाव देणे, एवढाच मोबदला. त्या काळी विद्यापीठाचा दरवाजा बंद असलेल्या स्त्रियांसाठी विज्ञानात शिरण्याची ती एक खिडकी होती.

त्याही आधीची जॉर्जियाना मोलॉय ही तर पूर्णपणे एकाकी. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकावरील ऑगस्टा या नवख्या वसाहतीत ती नवऱ्यासोबत आली होती. लंडनच्या कॅप्टन मँगल्स याने तिला रिकामी पेटी आणि बियांची मागणी करणारे पत्र धाडले. १८३७ मध्ये तिचा १९ महिन्यांचा मुलगा विहिरीत पडून गेला. त्या दुःखातच ती रानात जाऊ लागली आणि पुढची काही वर्षे तिने एवढ्या काळजीने बिया आणि नमुने पाठविले, की लंडनचे माळी तिच्या पेट्यांची वाट पाहत. शास्त्राचे औपचारिक शिक्षण तिला नव्हते. १८४३ मध्ये, बाळंतपणानंतरच्या आजारात, वयाच्या ३७ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. बोरोनियाच्या एका जातीला तिचे नाव आहे.

विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाने हे परावलंबन कमी करण्याचे प्रयत्न केले. १९३७ पासून तर एक ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञ आळीपाळीने क्यूला नेमला जाऊ लागला. मायदेशातल्या सहकाऱ्यांचे प्रश्न घेऊन कपाटे धुंडाळायची आणि टाइप नमुना पाहून उत्तर धाडायचे, हे त्याचे काम. १९०५ मध्येच ब्रिटिश संग्रहालयाने बँक्स-सोलँडर यांच्या नमुन्यांच्या आठशेहून अधिक दुय्यम प्रती सिडनीला भेट दिल्या होत्या. बेंथमनंतर शंभर वर्षांनी, १९८१ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या नव्या समग्र वनस्पतिसूचीचा पहिला खंड निघाला. आता ही सूची इंटरनेटवरूनच पुढे चालू आहे. सर्व प्रमुख हर्बेरियमांच्या चिठ्ठ्या एकत्र शोधता येतील असा सामायिक संग्रहही इंटरनेटवर खुला आहे. २०२२ मध्ये सिडनीचे हर्बेरियम नव्या इमारतीत हलविले, त्या निमित्ताने तेथील १४ लाखांच्या घरातील नमुन्यांची छायाचित्रे घेण्यात आली. पॅरिसचे पार्सल आज मागवावे लागले असते का? बऱ्याच प्रश्नांसाठी नाही. पण छायाचित्रावरून पानाखालची लव भिंगाने पाहता येत नाही, आणि डीएनए तर मुळीच काढता येत नाही. दीडशे वर्षांच्या जुन्या पानाचा नखाएवढा तुकडा आज त्याच्या कुळाची वंशावळ सांगू शकतो. त्यामुळे कागद जपण्याची गरज उलट वाढली आहे.

इतके सगळे झाल्यावर नवे सापडायचे काय उरले असेल, असे वाटणे साहजिक आहे. १९२८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॉरिगिन गावाजवळ एका शेतकऱ्याला नांगरलेल्या जमिनीला पडलेली भेग दिसली आणि गोड वास आला. खणून पाहिले तर जमिनीखाली फुललेले ऑर्किड! या वनस्पतीला हिरवे पान नाही. तिचे सारे आयुष्य, फुलण्यासकट, मातीखाली जाते. एका बुरशीच्या मध्यस्थीने ती शेजारच्या झुडपाच्या मुळांवर पोसली जाते. नव्वद वर्षे ती एकच जाती समजली जात होती. २०१८ मध्ये दक्षिण किनाऱ्याकडची झाडे वेगळी जाती असल्याचे जाहीर झाले. याचा व्यावहारिक परिणाम असा, की मूळ जातीची आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी ठिकाणे आणखी कमी भरली. नावाचा निर्णय असा थेट संरक्षणाच्या यादीपर्यंत पोहोचतो.

१९९४ ची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. सिडनीच्या वायव्येस असलेल्या वोलेमाय राष्ट्रीय उद्यानातील एका खोल घळीत दोराने उतरलेल्या डेव्हिड नोबल या वनकर्मचाऱ्याला अनोळखी झाडे दिसली. बुडबुड्यांसारखी खडबडीत साल, नेच्यासारखी पाने. त्याने एक डहाळी पाठपिशवीत टाकून आणली. पुढच्या वर्षी ‘वोलेमिया नोबिलिस’ या नावाने केवळ नवी जातीच नव्हे, तर नवी प्रजाती जाहीर झाली. तिचे नातलग तोवर मुख्यतः जीवाश्मांतूनच माहीत होते. पूर्ण वाढलेली झाडे शंभरही नाहीत. जागा आजही गुप्त ठेवली आहे, कारण पाहायला येणाऱ्याच्या बुटाला लागलेल्या मातीतून मुळे कुजविणारा रोग पोहोचतो, आणि एकदा तो पोहोचलाही आहे. २०१९-२० च्या महाभयंकर वणव्यात आग या घळीकडे सरकू लागली तेव्हा हेलिकॉप्टरमधून माणसे उतरवून झाडांभोवती पाणी शिंपडण्याची योजना राबविली गेली, विमानांनी अग्निरोधक टाकला. काही झाडे होरपळली, पण राई वाचली.

वोलेमायला हेलिकॉप्टर मिळाले, कारण तिला नाव होते. त्या वणव्यानंतर कोणत्या वनस्पतींना सर्वाधिक धोका आहे हे ठरविताना शास्त्रज्ञांनी जळालेल्या प्रदेशाचा नकाशा हर्बेरियमच्या चिठ्ठ्यांतील ठिकाणांवर ठेवून पाहिला. ज्यांच्या चिठ्ठ्याच नव्हत्या त्या वनस्पती या हिशेबात आल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात अशी शेकडो झाडे-झुडपे आहेत, जी वेगळी आहेत हे अभ्यासकांना कळलेले आहे, पण रीतसर वर्णन करायला माणूस आणि वेळ मिळालेला नाही. त्यांच्यासाठी तेथे एक कामचलाऊ सोय केलेली आहे. प्रजातीचे नाव, ठिकाण, आणि संग्राहकाचे नाव व क्रमांक, अशी लांबलचक तात्पुरती ओळख त्यांना दिली जाते. शाळेत दाखला मिळेपर्यंत ‘अमक्याचा धाकटा’ म्हणून हजेरी लागावी, तसा हा प्रकार. पश्चिम ऑस्ट्रेलियात अशा तात्पुरत्या नावाच्या वनस्पतींचाही संवर्धनाच्या यादीत समावेश होतो, हे विशेष उल्लेखनीय आहे. तेथील लोहखनिजाच्या डोंगररांगांवर खाणीपूर्वीच्या सर्वेक्षणातूनच अनेक नव्या जाती पुढे आल्या. ज्या कंपनीला डोंगर पोखरायचा आहे तिच्याच पैशाने त्या डोंगरावरची वनस्पती प्रथम नोंदली जाते, ही व्यवस्था कितीही उपयोगी असली तरी मनाला अस्वस्थ करणारी आहे.

आता एक मुद्दा, ज्याचा आपल्या अंगणाशी संबंध आहे. ‘ॲकेशिया’ हे नाव १७५४ मध्ये फिलिप मिलर याने काटेरी झाडांच्या गटाला दिले. पुढे या नावाचा टाइप ठरली ती आपली बाभूळ, ‘ॲकेशिया निलोटिका’. दरम्यान ऑस्ट्रेलियात याच प्रजातीत बसणाऱ्या, तेथे ‘वॉटल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातींची नोंद वाढत वाढत हजाराच्या घरात गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले, की हे एक कुटुंब नाहीच. निदान चार-पाच वेगळ्या प्रजाती एका छपराखाली नांदत आहेत. मग नाव कोणाचे? टाइपचा नियम सांगतो, की जेथे हद्दीचा दगड तेथे नाव. म्हणजे बाभूळ आणि तिची आशिया-आफ्रिकेतील भावंडे ‘ॲकेशिया’ राहणार आणि हजारभर ऑस्ट्रेलियन जातींना नवे नाव घ्यावे लागणार. ऑस्ट्रेलियनांना ते पचणारे नव्हते. सोनेरी वॉटल हे १९८८ पासून त्यांचे अधिकृत राष्ट्रीय पुष्प आहे, राजचिन्हावर तिची डहाळी आहे. त्यांनी २००३ मध्ये प्रस्ताव मांडला, की दगडच हलवावा. एका ऑस्ट्रेलियन जातीला नवा टाइप ठरवावे, म्हणजे सर्वांत कमी नावे बदलावी लागतील.

२००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत यावर मतदान झाले. सुमारे ५५ टक्के मते प्रस्तावाविरुद्ध पडली, तरीही प्रस्ताव संमत ठरला. कारण समितीची शिफारस फेटाळण्यास ६० टक्के मते लागतील असे मानले गेले. यावर जे वादंग माजले त्याचे वर्णन एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेशीच जुळेल. ॲकेशिया म्हणजे आफ्रिकेच्या माळरानाची ओळख, ती बहुमत डावलून काढून घेतली, असा आफ्रिकेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा संताप होता. २०११ मध्ये परिषद भरली ती मेलबर्नला, म्हणजे म्यूलरच्याच गावी. तेथे निर्णय कायम झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते, नावे कमीत कमी बदलावीत हा ऑस्ट्रेलियन युक्तिवाद व्यवहार म्हणून योग्य होता, पण ज्या रीतीने तो मंजूर झाला ती रीत योग्य नव्हती.

परिणाम असा, की बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली, हिवर ‘व्हॅचेलिया ल्युकोफ्लोइया’, खैर ‘सेनेगालिया कटेचू’. शिकेकाईही सेनेगालियात गेली. मूळ ग्रीक नावाचा संबंध काट्याशी आहे, आणि नाव गेले बहुतांशी बिनकाट्याच्या वॉटलकडे! सामाजिक वनीकरणाच्या काळात कोकणात आणि मुंबई-पुण्याच्या रस्त्यांकडेला लावलेली ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ सर्वांनी पाहिलेली आहे. विळ्यासारखी वाकडी, चिवट ‘पाने’, पिवळ्या फुलांचे तुरे, पिळवटलेल्या शेंगा. तिची ती पाने वस्तुतः पाने नसून चपटे झालेले देठ आहेत. रोपटे अगदी कोवळे असताना तिला बाभळीसारखी खरी पिसासारखी पर्णिका फुटतात, आणि मग देठ रुंदावत जाऊन त्यांची जागा घेतात. शास्त्राच्या वहीत आज ॲकेशिया म्हणून हक्काने नोंद आहे ती या पाहुणीची.